अकोल्याला राहिलेलं हेड

गेल्या महिन्यात अकोल्याला एका लग्नाला गेले होते. जेवणं आटोपली, बायका साड्या बघत बसल्या, आणि मी कुणाला न सांगता बाहेर पडले. जुन्या कापूस बाजाराच्या मागची गल्ली पायांनीच शोधून काढली. मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं घर तिथं आता नाही, हे ठाऊक होतं. त्या जागी तीन मजली इमारत आहे. खाली मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लास. जिन्यावर बसून पोरंपोरी समोसे खात होती. मी जरा वेळ उभी राहिले, वास घेऊन पाहिला. तळणीच्या तेलापलीकडे काही आलं नाही.

पूर्वी दिवाळीच्या सुमारास या गल्लीत शिरलं की आधी सरकीच्या ढेपेचा वास यायचा, गोडसर आणि थोडा आंबूस. त्याच्यामागून जिनिंगच्या गरम तेलाचा. कापसाने भरलेल्या गाड्या रात्रंदिवस बाजाराकडे जात, आणि विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, आमच्या केसांतसुद्धा पांढरे पुंजके अडकून बसत. अमरावतीहून येताना आई माझ्या वेण्या घट्ट घालून द्यायची. घरी परतले की त्यातून कापूस वेचत बसायची आणि विचारायची, "काय दिलं यंदा?"

तिचा प्रश्न फराळाबद्दल नसे. मोटारीबद्दल असे.

मोटार आजोबांची. कापसाच्या कंपनीतला कुणी गोरा साहेब देश सोडून जाताना त्यांना विकून गेला होता. काळी, गोल पाठीची, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. आतल्या कातडी सीटला हात लावला की उन्हाळ्यात चटका बसे आणि हिवाळ्यात अंगावर काटा येई. बाबा आणि मोठेबाबा तिच्यात बसून मोठे झाले. आजोबांच्या डाव्या बाजूला कुणी बसायचं यावरून दोघं भांडत आणि बहुतेक वेळा मोठेबाबा जिंकत. ही गोष्ट बाबा हसत सांगायचे.

वाटणी का झाली, ते मला कुणी सांगितलं नाही. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात मोटारीचं इंजिन दुरुस्तीला खोललं होतं. खोललेले भाग मागच्या खोलीत लाकडी पेट्यांमध्ये पडून होते. आजोबा गेले. घर मोठेबाबांच्या वाट्याला आलं आणि मोटार बाबांच्या. बाबा तेव्हा अमरावतीला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. ते ओळखीचा ट्रक घेऊन मोटार न्यायला आले, सोबत मला आणलं. मोटारीला दोर बांधून झाला आणि बाबा पेट्या उचलायला आत निघाले. मोठेबाबा दारात आडवे उभे राहिले.

"मोटार तुही," ते म्हणाले. "घर माह्यं. अन् घरातलंही माह्यं."

"भाऊ, पेट्या मोटारीच्याच आहेत ना."

"मोटारीत हायत का त्या? मोटारीत असत्या त तुह्या असत्या."

बाबा हसले. भाऊ गंमत करून राहिला असं त्यांना वाटलं असावं. मोठेबाबा हसले नाहीत.

म्हणून आम्ही अकोल्याहून अमरावतीपर्यंत आतून पोकळ असलेल्या मोटारीत बसून आलो. पुढं ट्रक, मागं दोरानं ओढली जाणारी आमची मोटार, बाबा सुकाणूवर, मी त्यांच्या डाव्या बाजूला. इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त चाकांची सरसर, दोराची करकर आणि खिडकीतून आत येणारा काळ्या मातीचा वास. मला ती सवारी फार आवडली. बोरगाव मंजूच्या अलीकडे दोर तुटला, ट्रक निघून गेला, आणि मोटार हळूहळू मंदावत एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेताशेजारी थांबली. बाबा सुकाणूवर हात ठेवून तसेच बसून राहिले. ट्रकवाल्याला कळून तो परत येईपर्यंत मी खिडकीतून बोंडं मोजत बसले.

अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या घरामागं टिनाचं शेड टाकून बाबांनी मोटार ठेवली. त्यानंतरची प्रत्येक दिवाळी एकसारखी गेली.

पाडवा झाला की बाबा मला घेऊन बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला जात. आईनं पहिल्या वर्षानंतर यायचं बंद केलं. दाराशी पायरी होती, तिच्यावर उभं राहून पाय धुवायचे. मोठीआई, म्हणजे काकू, तांब्यानं पाणी घालायची. मोठेबाबा आत झोपाळ्यावर बसून बाबांचे पाय धुणं बघत, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललेलं दिसे. त्या वयात मला वाटे, भाऊ आल्याचा आनंद आहे.

मग बाबा त्यांच्या पाया पडत. तिथं शेजारपाजारचे, बाजारातले चार लोक फराळाला बसलेले असत. मोठेबाबा त्यांना सांगत, "आमचा लहाना. दिवाळी मांगाले येते दर साली."

लोक हसत. बाबाही हसत. मी अनारसा खात असे.

निघायची वेळ झाली की बाबा हळूच म्हणत, "भाऊ, ते मोटारीचं..." मोठेबाबा ऐकू न आल्यासारखं करत. बाबांना पुन्हा म्हणावं लागे, जरा मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं. मग मोठेबाबा मागच्या खोलीत जात आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादाच भाग घेऊन येत. एका वर्षी डायनामो. एका वर्षी पाण्याचा पंप. एका वर्षी नुसता पंख्याचा पट्टा, तोही कुजलेला, हातात घेताच तुटला. ज्या वर्षी कार्बोरेटर दिला, त्या वर्षी त्यातला आतला पितळी तरंगता डबा काढून ठेवला होता. तो पुढच्या दिवाळीला दिला, चेपलेला.

"हेड?" बाबा विचारत.

"हेड सापडून नाही राहिलं बावा. पाहीन."

हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारा ओतीव लोखंडाचा जड ठोकळा. त्यात झडपा असतात, त्याच्या पोटातून पाणी खेळतं. ते नसलं तर खालचं इंजिन म्हणजे उघडे खड्डे. बाकी सगळं मिळून उपयोग नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं.

परतीच्या गाडीत तो भाग माझ्या मांडीवर असायचा. ग्रीसचे डाग फ्रॉकवरून कधीच गेले नाहीत. घरी आल्यावर बाबा दोनतीन दिवस कुणाशी बोलत नसत. आईनं पुढ्यात ठेवलेलं ताट बाजूला सरकवत. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी भाजीची वाटी भिंतीवर मारली होती. त्या दिवशी दुपारीच आम्ही अकोल्याहून आलो होतो. आई भिंत पुसत म्हणाली, "तिथं हसता अन् इथं फेकता."

मग एक दिवस शेडमधून रॉकेलचा वास यायला लागायचा आणि घर पुन्हा सुरू व्हायचं. बाबा ऑफिसातून आले की बनियनवर बसून तो भाग रॉकेलमध्ये भिजवत, पितळी तारेच्या ब्रशनं घासत, पॉलिश पेपरनं उजळत. कार्बोरेटरची बारीक भोकं त्यांनी आईच्या शिवणाच्या सुईनं मोकळी केली. चेपलेला डबा गरम पाण्यात बुडवून त्याचा पोचा हळूहळू बाहेर आणला, गळतीवर डाग दिला, आणि पुन्हा पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का ते श्वास रोखून पाहिलं. बुडबुडा आला नाही तेव्हा त्यांनी मला जवळ ओढून माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. रॉकेल, घाम आणि पितळ यांचा तो वास मला अजून कुठं आला तर मी थांबते. लहानपणी त्यांनी मला जवळ घेतल्याचे प्रसंग आठवायला बसले, तर सगळे त्या शेडमधलेच निघतात.

हेड त्यांनी दुसरीकडेही खूप शोधलं. पातूरला, बाळापूरला भंगारवाल्यांकडे बसून बसून त्यांच्याशी दोस्ती झाली. धामणगाव रेल्वेला एका जुन्या व्यापाऱ्याच्या अंगणात आमच्यासारखीच मोटार कडुनिंबाखाली सडत असल्याचं कळलं, तेव्हा आम्ही सुट्टीच्या दिवशी तिथं गेलो. व्यापारी वारला होता. त्याची बायको चष्मा पुसत बाहेर आली. मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिनावर गवत अंथरून कोंबडी बसली होती. बाबांनी वाकून पाहिलं. गवताखाली हेड होतं, शाबूत.

"अंड्यावर बसली हाय," म्हातारी म्हणाली. "मी तिले उठवत नाही. पिल्लं निंगाल्यावर या."

बाबांनी खूप विनवलं. म्हातारी ऐकेना. आम्ही महिन्याभरानं गेलो तेव्हा कडुनिंबाखाली नुसता तेलाचा काळा डाग होता. म्हातारी म्हणाली, "पोरानं भंगारात देली. तुमी लवकर काहून नाही आले?"

येताना बाबा गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं झोपले. त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा मीही दुसरीकडे पाहिलं.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही अकोल्याला गेलो, बाबांनी पाय धुतले, पाया पडले, फराळ केला आणि निघायला उठले. मागितलं काहीच नाही. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, मला चांगलं आठवतं. मोठेबाबांनी झोपाळा पायानं थांबवला.

"काहून रे, यंदा काही मांगतलं नाही तू?"

"नको आता भाऊ. सोडून दिलं."

"सोडून देलं म्हंजे?"

"म्हणजे मोटारीचं मनातून काढून टाकलं. भंगारात देतो म्हणतो."

मोठेबाबांचा चेहरा उतरला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता. हातातली बाहुली कुणी काढून घेतल्यावर पोराचा होतो तसा. ते इकडेतिकडे बघायला लागले. मग म्हणाले, "पाय कुठी धुतले आत्ता?"

"पायरीवर."

"दर साली कुठी धुते?"

बाबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"तेच हाय तुह्यं हेड," मोठेबाबा म्हणाले. "वाटणीच्या साली गवंडी लागला होता घराले. पायरीत टाकून घेतलं. वरून सिमिट मारलं. इतके साल तू त्याच्यावरच उभा राहून मले हेड मांगून राहिला."

फराळाला बसलेल्यांतला एक जण हसला आणि मध्येच थांबला. मोठीआईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. तिलाही हे माहीत होतं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाबांनी चपला घातल्या. शेजारच्या घरून छन्नी आणि हातोडा मागून आणला, आणि चांगले कपडे न काढता पायरी फोडायला बसले. सगळी गल्ली जमली. सिमेंटचे तुकडे त्यांच्या तोंडावर उडत होते, कपाळावर रक्त आलं होतं. मोठेबाबा झोपाळ्यावरून उठले नाहीत, त्यांनी अडवलंही नाही. ते बघत होते. दुपार उतरेपर्यंत ठोकाठोक चालली. हेड निघालं तेव्हा घराच्या दाराशी मोठा खड्डा पडला होता, आणि मोठीआईला बाहेर यायचं तर उडी मारावी लागणार होती. बाबांनी तो ठोकळा धोतराच्या जुन्या फडक्यात बांधला, खांद्यावर घेतला आणि स्टेशनपर्यंत चालत नेला. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले, "नको. जड नाही."

त्या हेडाची अवस्था वाईट होती. सिमेंटनं आणि पायधुणीच्या पाण्यानं ते आतून खाल्लं होतं. पाण्याच्या वाटा दगडासारख्या बुजल्या होत्या. झडपा जागेवर गंजून चिकटल्या होत्या आणि दोन खळग्यांमध्ये केसासारखी चीर गेली होती. बाबांनी ते पुढचं अख्खं वर्ष त्याच्यावर घालवलं. ट्रकच्या झडपा मिळवून त्या लेथवर बारीक करून घेतल्या. मग एकेक झडप जागेवर बसवून, खाली दाणेदार मलम लावून, दोन तळहातांमध्ये रवी घुसळतात तशी घुसळत राहायचे. खर्र, खर्र. अभ्यास करताना मला तो आवाज ऐकू यायचा आणि तो थांबला की मी अस्वस्थ व्हायचे. चिरेसाठी विटांची भट्टी लावली, हेड लालबुंद तापवून सांधलं, आणि राखेत पुरून हळूहळू निवू दिलं, कारण ओतीव लोखंड एकदम गार झालं तर पुन्हा तडकतं. आम्ही सगळे त्या राखेभोवती बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे बसलो होतो.

हेड आणि इंजिन यांच्यामध्ये पातळ पत्र्याचं पॅकिंग लागतं. त्या मोटारीचं पॅकिंग कुठं मिळणार? एका सकाळी आई आंघोळीला गेली आणि तिथून तिनं मला हाक मारली. तिच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ जागेवर नव्हतं. तिची आई गेल्यावर तिथून तिनं तेवढं एकच आणलं होतं. दर सणाला ती ते चिंचेनं घासायची. ती ओल्या केसांनी शेडमध्ये गेली. बाबांनी घंगाळाचा तळ कापून, ठोकून सपाट केला होता आणि त्यावर खडूनं गोल आखत होते.

"मले विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," आई म्हणाली.

"म्हणूनच विचारलं नाही," बाबा म्हणाले, आणि कात्री चालवली.

आईनं आत येऊन प्लास्टिकच्या बादलीत पाणी काढलं.

मोटार सुरू झाली ती उन्हाळ्यात, आंब्याच्या दिवसांत. पहिल्यांदा खोकली, काळा धूर सोडला, आणि मग असा मऊ, गोल आवाज धरला की शेजारचे लोक गच्चीवर आले. बाबांनी बॉनेटवर दोन्ही हात पसरून ठेवले होते. तोपर्यंत मोठेबाबांना लकवा मारल्याची बातमी आली होती. एक बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण समजत सगळं होतं.

"चला," बाबा म्हणाले. "भाऊला दाखवून येऊ."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिनं करंज्या केल्या, आणि आजारी माणसाला टेकायला हवी म्हणून धुतलेल्या अभ्र्याची उशी मागच्या सीटवर ठेवली. मोठीआईला आधी निरोप गेला होता.

आम्ही पोचलो तेव्हा मोठेबाबा अंगणात खुर्चीवर तयार बसले होते. त्यांना आंघोळ घातली होती, दाढी केली होती. भर उन्हाळ्यात लग्नातला काळा कोट अंगात होता आणि डोक्यावर टोपी. वाकडा हात मांडीवर नीट ठेवला होता. मोटार फाटकातून आत आली आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी यायला लागलं, लकव्यामुळं की कशानं, कोण जाणे.

बाबांनी इंजिन चालू ठेवलं. उतरून बॉनेट उघडलं. "हे पाहा भाऊ," म्हणाले, "हेड."

मोठेबाबांनी मान हलवली. मग जड जिभेनं म्हणाले, "बशीन म्हनतो. एक डाव."

आई दार उघडायला वळली. उशी तिनं नीट करूनही ठेवली.

बाबांनी बॉनेट लावलं. "पाहिलं ना?" ते म्हणाले. "झालं मग." आणि सुकाणूवर जाऊन बसले. "बसा," हे आम्हाला दोघींना होतं. त्यांचा आवाज कुणाच्याही समोर मी इतका शांत ऐकला नव्हता. आई आत बसली ती दार लावायलाही विसरली, मी हात लांबवून ते ओढून घेतलं. मागं वळून पाहिलं तर मोठेबाबांनी चांगला हात थोडा उचलला होता. थांब म्हणायला असावा. निरोप द्यायलाही असेल.

वाटेत बाबा शीळ घालत होते. मूर्तिजापूरला रसवंतीपाशी मोटार थांबवली आणि उसाचा रस मागवला, बर्फ जास्त टाकून. लोक मोटारीभोवती जमले, बाबा त्यांना कौतुकानं सांगत होते. आईनं ग्लासाला हात लावला नाही. करंज्यांचा डबा आणि उशी घेऊन ती खाली उतरली.

"मी रेल्वेनं येते," ती म्हणाली.

"काहून? काय झालं?"

"ते निदान घरात तर घेत होते तुम्हाला," आई म्हणाली, आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली.

बाबांनी रस संपवला. तिला हाक मारली नाही. त्यानंतर आई त्या मोटारीत कधीच बसली नाही. शेडमध्येही गेली नाही.

मोटार अजून आहे. बाबांच्या माघारी मी ती मधूनमधून सुरू करते, गल्लीच्या टोकापर्यंत नेते. आवाज अजून तसाच आहे, मऊ आणि गोल. लग्न, मुंजी, निवडणुकीतले पुढारी, सगळ्यांना ती हवी असते. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मला विचारतात की वडिलांना किती हौस असेल. मी हो म्हणते. अकोल्याच्या त्या इमारतीसमोर उभी असताना मात्र मला मोटार आठवत नव्हती. मोठेबाबांची तेरवी आठवत होती.

ते त्याच पावसाळ्यात गेले. बाबांनी खांदा दिला, सगळ्यांत जास्त तेच रडले. तेरवीला पत्रावळी मांडल्या होत्या, बाबा पंगतीत भावाच्या मानानं पहिले बसले होते. मोठीआई तूप वाढत आली आणि त्यांच्यापुढं थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. काही राहून गेलेलं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"तुमी गेले त्या दिवशी त्यायनं कोट काढू देल्ला नाही मले. रात्री झोपले तेही कोटावरच. दुसऱ्या दिवशीही अंगनातच बसले. मी म्हनलं, चला आत, ऊन लागते. त म्हने, लहाना पेटरोल भराले गेला. येते तो. तो येईन अन् मी आत असीन त निंगून जाईन."

पंगतीतले लोक खाली बघत होते. पलीकडच्या रांगेत आईचा हात पत्रावळीवर थांबला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. भाताचं आळं बोटानं मोठं केलं, आणि वाढणाऱ्याला खुणेनं बोलावून थोडं वरण मागितलं.